'कल्टी'ला मार्क द्यायचा का?

सहामाहीचे पेपर तपासताना मला चहा लागतो. आठवी ब चा गठ्ठा निघाला की अमृतांजन.

प्रश्न होता, 'पोबारा करणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. एका पोरानं लिहिलं, 'अर्थ : कल्टी मारणे. वाक्य : पोलीस दिसताच चोराने पोबारा केला.' वाक्य बिनचूक. अर्थ तर गाईडातल्या 'पळून जाणे'पेक्षाही नेमका, कारण पळण्यातला चोरटेपणा त्यात आहे. पण सूचनावहीत ताजी नोटीस होती, 'वर्गात टपोरी भाषा वापरण्यास सक्त मनाई', आणि खाली माझी सही. आता, पोबारा तरी कुठे देवघरातून आलाय? सोंगट्यांच्या डावातलं फाशांचं दान ते! खेळणाऱ्यांची भाषा पुस्तकात शिरली की तिला दोन मार्क, कट्ट्यावर राहिली की पालकांना बोलावणं. मी अर्धा मार्क कापला आणि रात्रभर चडफडत राहिले.

गणिताच्या सरांचं दुखणं वेगळंच. आमचं सेमी इंग्रजी. ते 'पेज सिक्स्टी सेव्हन' म्हणाले की अख्खा वर्ग तळहात वरखाली करत 'सिक्स सेव्हन!' ओरडतो. अर्थ काय, तर काहीच नाही. डिक्शनरी डॉट कॉमनं 2025 चा शब्द म्हणून हेच निवडलं म्हणे. धन्य ते कोशकार. सरांनी आधी दम दिला, मग ते पान गाळलं, शेवटी एक दिवस 'सदुसष्ट' म्हणून पाहिलं. वर्ग चिडीचूप. मागून आवाज आला, "म्हणजे किती, सर?" 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ सात' आलं तेव्हा स्टाफरूम डोक्यावर घेणारे हेच सर. तेव्हा दुसरीत असलेली पोरंच आता समोर बसलीत.

शिवीला माझ्याही वर्गात थारा नाही. पण कोल्हापुरात राहून पोरांनी 'नाद खुळा' म्हणायचं नाही, तर मग रंकाळ्यावर काय 'अतिशय प्रशंसनीय' म्हणायचं?

मुख्याध्यापकांना मात्र यादी हवी होती. बंदी घालायची तर शब्द कळायला नकोत? म्हणून आम्ही सगळे मास्तर-बाई मधल्या सुट्टीत 'झोल', 'लोड घेणे', 'विषय हार्ड' यांचे अर्थ एकमेकांना विचारत बसलो. संस्कृतच्या बाईंना सगळे येत होते. यादी फळ्याशेजारी लागली आणि ज्याच्याकडे एरवी कुणी ढुंकून पाहत नाही त्या सूचनाफलकापुढे ही गर्दी! पाचवीची पोरं वहीत उतरवून घेत होती.

तेवढ्यात तो कल्टीवाला पुढे आला. "बाई, यात 'जाळ अन् धूर' राहिलंय."

मुख्याध्यापकांनी खडू, पेन, जे हाताला लागलं ते त्याच्या हातात दिलं. "लिही."

त्यानं लिहिलं, 'जाळ अन् धुर संगटच'. मी लाल पेन काढलं आणि 'धु' दीर्घ केला.