‘बुक’ म्हणजे तिकीटखिडकी
अभिनंदन! परदेशी संगीतिकेचे प्रयोग करायच्या परवान्याचे पैसे भरले, संहितेची आणि स्वरलिपीची बाडं आली, तालमी सुरू झाल्या. म्हणजे संगीतिका आता तुमची. करारात ठरावीक तारखा, ठरावीक नाट्यगृह, ठरावीक खुर्च्या असलं काहीबाही लिहिलेलं असतं आणि मालकी मूळ लेखकांकडेच राहते म्हणे. राहू दे. भाड्याच्या घरावरही आपण आपल्याच नावाची पाटी लावतो ना?

खरी अडचण पोस्टर करताना येते. करारात श्रेयांचं एक पान असतं. ते वाचू नका. वाचलंत तर कळेल, की कोणाचं नाव कोणत्या क्रमानं, कोणत्या शब्दांत आणि केवढ्या टायपात छापायचं, हेसुद्धा त्या लोकांनी ठरवून ठेवलंय. नावाचा आकार शीर्षकाच्या अमुक टक्के! आकडा करारागणिक बदलतो. पण समजा तो ५० टक्के असला आणि तुम्ही शीर्षक २० सेंटीमीटर उंच छापलंत, तर लेखकाच्या नावाला १० सेंटीमीटरची अक्षरं आली. मग हनुवटीवर हात ठेवलेला दिग्दर्शकांचा फोटो कुठे जाणार? प्रायोजकाचं बोधचिन्ह कुठे? शीर्षक लहान केलं की नावंही आपोआप लहान होतील, असं पोस्टर करणारा मुलगा सुचवेल. त्याला म्हणावं, तू फक्त फोटो मोठा कर.

त्यानंतरचा धोका ‘बुक’ या शब्दाचा. त्या पानावर ‘बुक’, ‘म्यूझिक’ आणि ‘लिरिक्स’ अशी तीन खाती असतात. संगीत आणि गीतं कळतात. ‘बुक’ म्हटलं की मात्र आपल्या डोळ्यांपुढे तिकीटखिडकी येते, आणि ते योग्यच आहे. संवाद लिहिणं, प्रसंग बांधणं, गाणं नेमकं कुठे आणि का यावं हे ठरवणं, असल्या कामाला ‘बुक’ म्हणतात हे प्रेक्षकांना कळून काय होणार? ते घरी जाताना गाणंच गुणगुणत जातात. गाण्याआधीच्या ज्या चार वाक्यांनी त्यांचा गळा दाटला, ती वाक्यं नटाला आयत्या वेळी सुचली असंच त्यांना वाटत असतं. नटालाही हळूहळू तसंच वाटू लागतं.

नाहीतर ‘फिडलर ऑन द रूफ’ घ्या. १९६४ची संगीतिका. संहिता जोसेफ स्टाइन, संगीत जेरी बॉक, गीतं शेल्डन हार्निक. एवढ्यावर थांबतील तर शपथ! कथा शोलेम अलाइखेम यांच्या. त्याही आर्नल्ड पर्ल यांच्या खास परवानगीनं. न्यूयॉर्कच्या मूळ प्रयोगाचे निर्माते हॅरल्ड प्रिन्स, दिग्दर्शन आणि नृत्यरचना जेरोम रॉबिन्स. ही श्रेयनामावली आहे की लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी? तुम्ही सरळ छापा: ‘एका दूधवाल्याची गोष्ट, आमच्या दिग्दर्शकांच्या नजरेतून’.

हिच्या वाद्यमेळाची मांडणी डॉन वॉकर यांनी केली. व्हायोलिननं कधी बोलावं आणि क्लॅरिनेटनं कधी गप्प बसावं हे ठरवणारा माणूस. त्याचं नाव तर विचारूच नका. आता गंमत पाहा. संगीतिकांचे परवाने देणारी ‘म्यूझिक थिएटर इंटरनॅशनल’ ही संस्था १९५२ साली दोघांनी काढली. एक संगीतकार फ्रँक लोसर आणि दुसरे हेच वॉकर! ज्याचं नाव आपण सगळ्यांत आधी कापतो, त्यानंच परवान्याचं दुकान थाटावं, हा काय खोडसाळपणा?

काही माणसं मुळात बिघडलेलीच असतात. १९५७च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’चे संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांचं नाव सुरुवातीला सहगीतकार म्हणूनही लागत होतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यवस्तीत प्रयोग येण्याआधी त्यांनी ते स्वतःहून काढायला लावलं आणि गीतांचं पूर्ण श्रेय स्टीफन सोंडहाइम या सत्तावीस वर्षांच्या पोराला देऊन टाकलं. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव चढवण्याची सोय असताना आपल्याच कामावरचं पुसायचं! असल्या गोष्टी तालमीत सांगू नका. मुलं बिघडतात.

कुणी कायदा काढला तर ‘ते त्यांच्याकडे चालतं’ म्हणा. लेखकानं आर्थिक हक्क विकले तरी कृती आपली आहे असं सांगण्याचा हक्क त्याच्याकडे उरतो, हे कलम लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ साली आलं. एवढी जुनी गोष्ट कोण लक्षात ठेवतो? आणि गाणी मराठीत केलीत तर ‘रूपांतर’ या शब्दाखाली तुमचं नाव मोठ्या टायपात घ्या. भाषांतराला वेगळी लेखी परवानगी लागते, पण ती मागितली की ते लोक आधी पोस्टरच बघायला मागतील.

कार्यक्रमपत्रिकेत जागा नाही, ही सबब उत्तम. मी स्वतः एका मध्यंतरात पत्रिका पुढून-मागून चाळून लेखक शोधला आहे. दिग्दर्शकांचं दोन पानी मनोगत सापडलं, प्रमुख गायिकेच्या मांजरीचे आभार सापडले, वाहनतळाची व्यवस्था पाहणाऱ्यांची पूर्ण नावं सापडली. लेखक नव्हता. अर्थात करारभंग म्हणून परवाना रद्द होऊ शकतो. पण तोवर पोस्टर छापून झालेलं असतं, आणि छापलेलं पोस्टर वाया घालवणं पर्यावरणाला बरं नव्हे.

राहता राहिला शेवटचा पडदा. टाळ्या चालू असतानाच दिग्दर्शकांनी माईक हातात घ्यावा, डोळे किंचित ओले ठेवावेत आणि म्हणावं, “आज माझ्याकडे शब्द नाहीत.” त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य शंभर टक्के खरं असेल.