“लेझर म्हणजे लुटालूट” या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, व्हेरिकोज व्हेन्सवरच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की लेझर-बिझरने शीर बंद करणं हा मुंबईच्या डॉक्टरांचा धंदा आहे आणि मी त्यांची जाहिरात करते. “माझ्या आजयेन जन्मभर चिखलात लावणी केल्यान, तिका खंय होता लेझर?” शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? आणि थोरल्या भावाचं वीसेक वर्षांपूर्वी ऑपरेशन होऊनही शिरा परत आल्याच. आता तो नुसते पायावर दाब देणारे घट्ट मोजे घालतो, घोट्याजवळ खाज येते तेवढीच.

जाहिरातीचं आधी उरकते. मी निवृत्त नर्स आहे. मला कोणी कमिशन देत नाही, आणि त्या लेखात एकाही हॉस्पिटलचं नाव नव्हतं.

आता आजीचं. लावणी करणारी बाई एका जागी उभी नसते. रोपं रोवत ती मागे मागे सरकते, दर पावलाला चिखलातून पाय उपसते. प्रत्येक वेळी पोटरीचा स्नायू आवळतो आणि शिरांमधलं रक्त वर ढकलतो. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पायाला खरा जाच होतो तो तासन् तास एका जागी उभं राहण्याचा. हर्णैच्या बंदरावर लिलावाला टोपली पुढ्यात घेऊन उभ्या असलेल्या बायका, दुकानदार, फळ्यापुढचे मास्तर, आंब्याच्या सीझनला शेडमध्ये पेट्या भरणारी मुलं, या सगळ्यांना हे लागू आहे. त्यात आईवडिलांकडून आलेला वारसा, बाळंतपणं आणि वजन यांची भर.

आणि आजीच्या पिढीत हा आजार नव्हता असं कोण म्हणतं? लुगड्याच्या काठाखाली काय झाकलेलं असायचं ते आम्ही ड्रेसिंगच्या खोलीत बघितलंय. घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जखम, भोवतीची कातडी काळपट तपकिरी आणि टणक. वर हळद, कधी कसला तरी वाटलेला पाला. कापड जखमेला असं चिकटलेलं असायचं की सलाइनने भिजवून भिजवून कडेकडेने सोडवावं लागे. “कधीपासून आहे?” विचारलं की उत्तर यायचं, “गणपतीपासून.” कुठल्या गणपतीपासून, हे पुन्हा विचारावं लागायचं. आम्ही धुवायचो, दाब देणारा पट्टा बांधायचो, पाय उशीवर ठेवा म्हणून सांगायचो. जखम भरायची आणि पुढच्या पावसात पुन्हा उघडायची, कारण निकामी झडपेतून शिरेत रक्त खाली गळणं तसंच चालू असायचं.

म्हणून मी त्या लेखात नव्या उपचारांबद्दल एवढ्या आग्रहाने लिहिलं. ब्रिटनमध्ये अशाच जखमा असलेल्या ४५० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पट्टे सगळ्यांनाच बांधले होते. ज्यांची गळकी शीर लवकर बंद केली त्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, बाकीच्यांना ८२ दिवस लागले. रोजगारावर जाणाऱ्या बाईला हा जवळजवळ महिनाभराचा फरक फार मोठा आहे.

रक्त जाणार कुठून, हा तुमचा प्रश्न मात्र मला मनापासून आवडला. पायातलं बहुतेक सगळं रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून वर जातं. कातडीखालच्या शिरांचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा. कातडीखालच्या शिरेची झडप निकामी झाली की ती फुटक्या बांधाच्या खाचरासारखी होते: वर चढवलेलं रक्त तिच्यातून पुन्हा खाली उतरतं. ती बंद केल्याने वाट जात नाही, उलट फेरा वाचतो. पण खोल शीरच जुन्या गुठळीने तुंबलेली असेल तर हिशोब वेगळा होतो, मग कातडीखालची शीर बंद करताना दहादा विचार करावा लागतो. हे बाहेरून बघून कळत नाही. त्यासाठी डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लागतो.

तोही उभं राहून. हे मी मुद्दाम लिहिते, कारण झोपवून उरकलेले रिपोर्ट मी बघितलेत. रुग्णाने दुसऱ्या पायावर भार देऊन उभं राहायचं. डॉक्टर मांडीवर जेल लावून प्रोब टेकवतात आणि खाली पोटरी दाबतात. मशीनमधून हुश्श असा आवाज येतो, रक्त वर गेलं. पोटरी सोडली की चांगल्या शिरेत शांतता असते. निकामी शिरेत तोच आवाज पुन्हा येतो, रेंगाळत, आणि स्क्रीनवरचा रंग उलटा होतो. हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला तर झडप गळतेय असं धरतात. कुठली शीर, कुठून कुठपर्यंत, हे रिपोर्टात आलं पाहिजे. नुसतं ‘व्हेरिकोज व्हेन्स आहेत’ हे तर आरशातही दिसतं.

मग पद्धतींचं. लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी दोन्हींत गुडघ्याच्या आसपास सुई टोचून शिरेत बारीक नळी सरकवतात, शिरेभोवती भुलीचं पातळ औषध भरतात आणि आतून उष्णता देऊन शीर मिटवतात. रेडिओफ्रीक्वेन्सीत १२० अंशांपर्यंत. टाके नाहीत, बहुतेक जण त्याच दिवशी चालत घरी जातात. ग्लूमध्ये शीर चिकटवतात, त्यात भुलीच्या इतक्या सुया लागत नाहीत, पण काहींच्या पायावर नंतर लाली आणि खाज उठते. फोममध्ये औषधाचा फेस करून टोचतात. तो स्वस्त पडतो, पण शीर पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त. धोके सगळ्यांतच आहेत: काळंनिळं पडणं, कातडीला बधिरपणा, क्वचित खोल शिरेत गुठळी. माझं स्पष्ट मत आहे की लेझर की रेडिओफ्रीक्वेन्सी यावर डोकं शिणवू नये. दोन्हींचे परिणाम जवळपास सारखेच येतात. मशीनच्या नावावर कोणी जादा पैसे सांगत असेल तर तिथे तुमचा ‘लुटालूट’ हा शब्द मला मान्य आहे. सरकारी योजनेत आपली केस बसते का, हे योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला आधी विचारावं.

जुनं ऑपरेशन खोटं होतं असंही मी म्हणत नाही. जांघेत शीर बांधून तारेने ओढून काढण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. ब्रिटनमध्येच सुमारे ८०० रुग्णांची पाच वर्षांनी पाहणी केली, त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. त्यात लेझर आणि ऑपरेशन हे दोन्ही फोमपेक्षा सरस ठरले. शिरा परत येतात त्या कशानेही येतात, लेझरनेही. मूळ आजार शिरेच्या भिंतीत आणि झडपांत असतो, त्यामुळे आज चांगली असलेली दुसरी शीर उद्या सैल पडू शकते. हे आधी न सांगणारा डॉक्टर मला आवडत नाही.

मोज्यांचा तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. सूज आणि ठणका कमी होतो, पण झडप दुरुस्त होत नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ सालीच सांगितलं की शीर बंद करणं शक्य असेल तर नुसत्या मोज्यांवर ठेवू नका. शिवाय मे महिन्यात देवगडच्या उकाड्यात मांडीपर्यंत घट्ट मोजे घालून दाखवा म्हणावं! गुडघ्यापर्यंतचे बहुतेकांना पुरतात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे, हातात रबरी हातमोजे घातले की सहज सरकतात, आणि सहाएक महिन्यांत इलॅस्टिक ढिलं पडतं तेव्हा बदलायचे. मधुमेह असेल किंवा पावलाची नाडी लागत नसेल, तर दुकानातून परस्पर आणून घालू नयेत. तिथे मोजाच पाय बिघडवतो.

जळवांबद्दल खाली आणखी एकांनी विचारलंय. जळू तेवढ्या जागचं रक्त ओढते, झडपेला काही करत नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या वाटेला जाऊच नका.

फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर माणसं घाबरून वर करकचून दोरी बांधतात. तसं करू नका. लगेच आडवं व्हायचं, पाय छातीपेक्षा उंच धरायचा, स्वच्छ कापडाने त्याच जागी दहा मिनिटं न उचलता दाबून ठेवायचं आणि मग दवाखाना. उभ्याने रक्त धुवत बसलेल्यांचा जीव गेलेला आहे.

आता थोरल्या भावाचं. घोट्याजवळची ती खाज मला हलकी वाटत नाही. तिथली कातडी काळवंडली असेल, कडक झाली असेल किंवा तिथून पाणी सुटत असेल, तर जखमेच्या आधीची ही पायरी आहे. जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घरात सापडलं तर सोबत न्या, कुठली शीर काढली होती ते त्यात असेल. उभं राहूनच डॉपलर करायला सांगा. खाजेवर कुठलंही मलम परस्पर चोळू देऊ नका, आणि नखं कापायला सांगा. रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका. त्यात काय लिहिलंय ते मी मराठीत समजावून सांगेन, मग लेझर करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.