दुसरी बंदूक जप्त होणार, हे खोटे आहे

खानापूर तालुक्यात सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘नवीन कायद्याने माणशी एकच बंदूक, दुसरी पोलीस उचलणार.’ असे काही नाही. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. मूळ विधेयकात एकाच बंदुकीची मर्यादा होती, अफवेचे मूळ बहुधा तिथेच असावे. पण संमत झालेल्या कायद्यात मर्यादा दोनची आहे. आधी ती तीनची होती. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली, हे मात्र मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

खरा त्रास वेगळाच आहे. पिकाच्या राखणीसाठी ठेवलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीवरचा नंबर झिजलेला असतो. नोंद करताना ३ चा ८ झाला, की परवान्यावर एक नंबर आणि नळीवर दुसरा. मग नूतनीकरण अडते, आणि रानडुकरे भातात शिरतात तेव्हा शेतकऱ्याची बंदूक ठाण्यात पडून असते. चूक कारकुनाची, हेलपाटे मात्र शेतकऱ्याला. हा अन्याय आहे, आणि त्याबद्दल बोललेच पाहिजे.

नंबर जुळत नसेल तर बंदूक घेऊन लपत फिरू नका. दुरुस्तीचा लेखी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, जुन्या परवान्याची झेरॉक्स जोडा, तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. नूतनीकरणाचा अर्जही मुदत संपण्याच्या बराच आधी टाका.