काका, 'पोरांचा स्पीड' एवढ्यावर विषय संपत नाही

काका, तुमची कमेंट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन सोडायचा विषय नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की टू व्हीलरचे बरेच अपघात समोरच्याला गाडी दिसलीच नाही म्हणून होतात, त्यावर तुमचं म्हणणं असं की मी पोरांची वकिली करतोय, सरकारचाच आकडा आहे सत्तर टक्के मृत्यू ओव्हरस्पीडने, तेव्हा हायवेवर रेस लावणाऱ्यांना आधी आवरा.

रेसवाल्यांबद्दल आपलं भांडणच नाही. आकडाही खरा आहे, २०२२ च्या केंद्राच्या रस्ते अपघातांच्या रिपोर्टमध्ये साधारण तेवढाच आहे. पण हे आकडे पोलिसांच्या नोंदीतून येतात, आणि गाडी आदळायच्या आधी किती स्पीडला होती हे पंचनाम्याच्या वेळी मोजणार कशावरून? फिर्यादीत 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात' हे शब्द ठरलेलेच असतात, तुम्हीपण वाचले असतील. एकदा भरधाव लिहिलं की पुढं कोण विचारत नाही की समोरचा कुठून आडवा आला, लाइट होता का, ब्रेक कसा लागला.

अमेरिकेत हॅरी हर्ट म्हणून संशोधक होते, त्यांच्या टीमने लॉस एंजेलिसकडचे ९०० च्या आसपास मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, १९८१ ला रिपोर्ट आला. साधारण तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या गाडीशी टक्कर होऊन झालेले, आणि त्यातल्या दोन तृतीयांशात चूक दुसऱ्या गाडीवाल्याची, बाइकला जाऊ द्यायचं सोडून तो मधे वळलेला. आणि अपघाताच्या आधी स्पीड किती, तर निम्मे बाइकवाले ताशी ४८ किलोमीटरच्या आतच होते! तिकडचे रस्ते वेगळे, मान्य, पण माणसाचे डोळे तेच की. बाइक समोरून बारीक दिसते, ती किती जोरात येतीय याचा अंदाज लागत नाही, कारच्या काचेच्या कडेच्या खांबामागे तर ती अख्खी लपते, आणि वळणारा माणूस ट्रक-बस येतीय का एवढंच बघून गाडी घालतो. आपल्या सोलापुरात विजापूर रोडला डिव्हायडर जिथं तुटतो तिथं पाच मिनिटं उभं राहून बघा, रिक्षा, छोटा हत्ती, कार, सगळे आधी तोंड घालतात आणि मग बघतात.

म्हणून २०१७ च्या एप्रिलपासून नव्या टू व्हीलरचा हेडलाइट कायम चालू ठेवलाय, दिवसा लाइट कशाला म्हणून लोक हातवारे करतात पण तो आपल्याला दिसावं म्हणून नाही, आपण दिसावं म्हणून आहे.

आता आपल्याकडचं सगळ्यात वाईट प्रकरण, उसाच्या ट्रॉल्या. नोव्हेंबरपासून गाळप चालू झालं की मंगळवेढा रोड, मोहोळकडचा रस्ता, कुठंही रात्री जा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला टेललाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर तो चिखलाने नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्याच्या पानांनी) झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. त्यात समोरचा अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) मारत आला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि डोळे सावरतात तेव्हा ट्रॉली अंगावर आलेली असते. हिशोब करून बघा, ६० च्या स्पीडला कळून ब्रेकला हात जाईपर्यंतच दीड सेकंदात २५ मीटर जातात आणि थांबायला अजून वीसेक. ४० ला हे सगळं मिळून २५-२६ मीटरमध्ये होतं. म्हणजे स्पीडचं तुमचं बरोबरच आहे, मी ते कधी नाकारलंच नाही, पण त्या ट्रॉलीला शंभरेक रुपयांची लाल रिफ्लेक्टर पट्टी नीट लावली असती तर ६० वालापण वाचला असता. मग नुसतं पोरगं भरधाव होतं म्हणून फाइल बंद करायची का?

अजून एक, आणि हे घराघरात चुकीचं शिकवलं जातं, 'पुढचा ब्रेक मारू नको, पलटी होशील'. अहो, ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, गाडी थांबवायची मोठी ताकद तिथंच आहे. नुसता मागचा करकचून दाबला की चाक जाम होऊन गाडी आडवी घसरते. हर्टच्या रिपोर्टमध्येपण हेच सापडलं, मागचा जास्त दाबला, पुढचा कमी. पुढचा झटक्यात नाही, हळूहळू वाढवत दाबायचा, दोन्ही बरोबर. वाळू पडली असेल किंवा गाडी वळणात झुकलेली असेल तर मात्र सांभाळून.

हेल्मेटवर तुम्ही लिहिलंय की सोलापूरच्या उन्हात डोकं शिजतं. शिजतं, खरंय. पण त्याच २०२२ च्या रिपोर्टमध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेल्याचं लिहिलंय, मागं बसलेले धरून. ऊन सहन करता येतं.

तुमचा नातू चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळी करतो म्हणालात ना, मग उसाचा सीझन चालू व्हायच्या आत एक करा. संध्याकाळी गाडी स्टँडवर लावून मागं उभं राहा, त्याला दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबायला सांगा आणि दोन्ही वेळेला मागचा लाल लाइट लागतोय का बघा. जुन्या गाड्यांचा पुढच्या लिव्हरचा स्विच बऱ्याचदा खराब झालेला असतो, गाडी चालत राहते म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. गॅरेजमध्ये थोडक्यात होऊन जातं.