काउंटरच्या त्या बाजूला

दहा वर्षांवरच्या मुलांना आपलं बचत खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये नव्याने मोकळीक दिली, आणि सांगलीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. दादाचं म्हणणं, शाळेत अर्थसाक्षरतेचा तास ठेवा, परीक्षा घ्या. वहिनी शिक्षिका. ती म्हणते, आहेत त्या विषयांनाच तास पुरत नाहीत. म्युनिकमध्ये बसून मी दोघांचं वाचते आणि मला मनापासून वाटतं, तास नको, खेळ द्या.

इथे दर दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे मुलांचं एक गाव वसतं. मिनी म्युन्शेन, 1979 पासून. सात ते पंधरा वर्षांची मुलं तिथे काम करतात. कुणी स्वयंपाकघरात, कुणी वर्तमानपत्रात, कुणी टॅक्सीवर. मोबदला ‘मिम्यू’ या गावच्या चलनात मिळतो, त्यातून कर कापला जातो. महापौर मुलंच निवडतात आणि बँकेच्या खिडकीतही मुलंच बसतात. आईबाप शक्यतो बाहेर.

माझी लेक नऊ वर्षांची असताना एक दिवस त्या बँकेत बसली. संध्याकाळी घरी आली ती गप्प. चार मिम्यू कमी भरले होते. तीनदा मोजूनही कमीच. शिवाय रांगेतल्या एका मुलाने कर का कापला म्हणून विचारलं, तर हिला सांगता आलं नाही. मग खिडकी मैत्रिणीकडे देऊन ही स्वतः चौकशी करून आली. पुढे महिनाभराने आम्ही खऱ्या बँकेत गेलो, तर हिने तिथल्या बाईंना सरळ विचारलं, ‘‘आमचे पैसे तुम्ही कुठे ठेवता?’’ चाळिशी गाठेपर्यंत हा प्रश्न मी कुठल्याही बँकेत विचारला नव्हता.

खेळाने सगळं साधतं असं मी म्हणणार नाही. म्युनिकच्या वेशीवर आशहाइमला वायरकार्ड ही ऑनलाइन पेमेंटची कंपनी होती. 2020 मध्ये तिच्या हिशेबातले 1.9 अब्ज युरो मुळात नव्हतेच असं उघड झालं आणि हा खेळ असलेल्या शहरातही कितीतरी साध्या माणसांचे शेअर मातीमोल झाले. पण जो एकदा काउंटरच्या आत बसलाय त्याची विचारायची भीड चेपते, हे मी घरात पाहिलंय.

ती भीड आमच्या आत्याला फार महागात पडली. तिने तीन लाख गावच्या पतसंस्थेत ठेवले होते. व्याज किती, मुदत कधी संपते, सगळं तोंडपाठ. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. मॅनेजर ओळखीचा, कसं विचारायचं? संस्था बुडाली. पैसे अजून अडकलेत.

आपल्याकडे हे नव्हतं असंही नाही. माझ्या शाळेत संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक होती. शनिवारी मधल्या सुट्टीत मी रोखपाल म्हणून बसायचे, पासबुकात आकडे मांडायचे. फक्त त्या बँकेत पैसे यायचे आणि परत जायचे. कर्ज देणं तिथे नव्हतंच, आणि बँकेचा जीव तर कर्जात असतो.

म्हणून गेल्या दिवाळीत सांगलीला व्यापारचा डाव मांडला तेव्हा मी नियम बदलला. बँकेच्या पेटीतल्या नोटा काढून घेतल्या. प्रत्येकाने आपले पैसे ठेवायचे आणि बँकेने त्यातूनच कर्ज द्यायचं. पुतण्या बँक झाला. त्याने मोठ्या ऐटीत दादाला मुंबई घ्यायला कर्ज दिलं. दोन फेऱ्यांनी दादाने हात वर केले, आणि तेवढ्यात लेक आणि वहिनी दोघींनी एकदम ठेव परत मागितली. पेटीत शंभराच्या दोन नोटा. पुतण्या रडवेला झाला.

आत्या पलंगावर बसून वाती वळत होती. वाती बाजूला ठेवून ती पेटीत डोकावली.

‘‘म्हणजे माझे पैसेही पेटीत नव्हतेच?’’

‘‘नव्हते, आत्या. कर्जाने दिलेले होते.’’

‘‘कुणाला?’’

दुसऱ्या दिवशी तिने हाच प्रश्न कागदावर लिहून घ्यायला मला बसवलं. कर्जदारांची यादी मागणारा अर्ज. खाली सही तिची.