केळी आडवी झाली, आणि टीव्हीवर भांडणं!

परवा रावेरकडे वादळ झालं. अर्ध्या तासात घड लागलेली केळी आडवी. मामांचा फोन आला, "भाऊ, सगळी बाग झोपली रे." लाइट आल्याबरोबर टीव्ही लावला. एका चॅनलवर सहा चौकटींत सहा माणसं एकमेकांवर ओरडताहेत. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर मुंबईत कुठल्याशा पुढाऱ्याची गाडी बंगल्यात शिरतेय, परत परत तेवढंच. आणि रावेर, यावल, चोपडा? खालच्या पट्टीत एक ओळ सरकली, "जळगाव जिल्ह्यात वादळी पावसाचा तडाखा". झालं! कर्ज काढून वर्षभर पोसलेल्या बागेला एक ओळ!

डोकं फिरतं ते यासाठी, की आमच्या घरात बातम्यांना मान होता. संध्याकाळी सात वाजता दूरदर्शनवर प्रदीप भिडे बोलायला लागले की आम्ही पोरं चिडीचूप, आप्पांचा घाससुद्धा हातातच राहायचा. तेव्हाही खान्देश फार दिसत नव्हता, पण जे सांगायचे ते समजायचं. 2007-08 मध्ये चोवीस तासांची मराठी चॅनलं आली तेव्हा सगळ्यात खूश आप्पाच झाले होते. इतका वेळ आहे म्हटल्यावर आपल्याकडचंही दाखवतील, असं त्यांना वाटलं. दाखवतात काय? हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की मिनिटभर पाणी, नाहीतर इकडच्या नेत्यांची उणीदुणी.

विचारलं की टीआरपीचं, म्हणजे किती लोक बघतात त्या मोजणीचं, कारण तयार. अरे, 2015 पर्यंत त्या मोजणीत खेडी धरलेलीच नव्हती! म्हणजे आम्ही बघत होतो तेव्हा आमची मोजदाद नाही, आणि आता लोक बघत नाहीत म्हणून ओरडायचं. 2020 मध्ये टीआरपीचा घोटाळा निघाला, न्यूज चॅनलांचे आकडे मार्च 2022 पर्यंत बंद होते. तेव्हा तरी ओरडा कमी झाला का? नाही.

आता आप्पा बातम्या लावतच नाहीत. पोरं मोबाइलवर बघतात, तिथे कुठल्यातरी जुन्या वादळाचा व्हिडिओ "आत्ताचा" म्हणून फिरतो. खरं-खोटं कोणाला विचारायचं?

वाऱ्याने केळी पडली तर विम्यासाठी 72 तासांत कळवावं लागतं. त्या रात्री ही एवढी एक गोष्ट कोणीतरी टीव्हीवर सांगायला हवी होती. मामांना ती दुसऱ्या दिवशी दुपारी कळली, शेजारच्या मळ्यातल्या माणसाकडून.