बांबू जंतू मारतो म्हणे!

माझी भाची नववीत आहे. गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी साडेसहाला घरातून निघाली. शाळा, मग क्लास, मधे सायकल. घरी आली संध्याकाळी साडेसहाला, पाळीच्या एकाच पॅडवर. मांड्यांना लाल चट्टे, धड चालता येईना. ताई रागावली तर म्हणते, "अगं आई, बांबूचं आहे ना, १२ तास चालतं." असं सांगणारा व्हॉट्सअॅप मेसेज तिला ताईनेच दाखवला होता. ताईला जावेने पाठवला होता, आणि वर चार खोकी गळ्यात मारली होती.

मेसेज तुमच्यापर्यंत पोचला असेलच. मजकूर असा: बांबूत जन्मतःच जंतू मारणारं द्रव्य असतं, म्हणून बांबूचं पॅड १२ तास निर्धास्त वापरा. ते साध्या पॅडच्या कित्येक पट शोषतं, व्हिडिओ पाहा. शंभर टक्के नैसर्गिक, रसायन शून्य. ६ महिन्यांत माती. मधली हिरवी पट्टी ऋण आयन (विजेचा उणा भार असलेले कण) सोडून पीसीओडी बरा करते. आणि बाजारातल्या साध्या पॅडने कॅन्सर होतो.

मी इचलकरंजीत कापडाचं शिकले आणि पुढची बरीच वर्षं नॉनवोवनच्या चाचण्या करण्यात गेली. नॉनवोवन म्हणजे न विणता, तंतूंची लादी पसरून ती पाण्याच्या बारीक धारांनी किंवा उष्णतेने एकमेकांत गुंतवून केलेलं कापड. पॅडचा वरचा पदर, ओले वाइप्स, डायपर, सगळं यातलंच. त्यामुळे हा मेसेज दिसला की डोकं फिरतं.

आधी जंतूंचं. बांबू कधी तोडायचा हे कुणाही बुरुडाला विचारा. अमावास्येच्या सुमारास तोडा, पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर भुंगा लागतो, असंच सांगेल. अमावास्येचं मला माहीत नाही, भुंग्याचं माहीत आहे: बांबूत स्टार्च असतं आणि भुंग्याला ते हवं असतं. पावसाळ्यात माळ्यावर विसरलेल्या सुपाला बुरशी धरते की नाही? मग जंतू मारणारं ते द्रव्य तेव्हा कुठे जातं?

बरं, उभ्या बांबूत असेल काहीतरी, वादापुरतं धरू. पण पॅडमध्ये बांबू नसतो, बांबूपासून केलेलं व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचा मधासारखा घट्ट पाक करतात आणि तो बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लात सोडतात. तिथे तंतू बनतो. ही कृती इंग्लंडात १८९२ सालची आहे. लगदा निलगिरीचा घ्या, पाइनचा घ्या, बांबूचा घ्या, शेवटी हातात येतं ते सेल्युलोज, म्हणजे सगळ्याच झाडांच्या तंतूंचा मूळ घटक. उसाची साखर झाल्यावर तिच्यात उसाचा वाढा शोधण्यातला हा प्रकार आहे. 'रसायन शून्य' या मुद्द्याचाही निकाल इथेच लागतो. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला बाधतं, हे शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. धुतलेल्या तयार तंतूतून ते तुमच्यापर्यंत येतं असं मी म्हणत नाही. पण खोक्यावर हिरवं पान छापलं म्हणून कारखान्यात काय घडतं ते बदलत नाही. बांबू नुसता चिरून, कुजवून काढलेला तंतूही असतो. तो खरबरीत आणि महाग असतो. मऊ मुलायम 'बांबू' दिसला की समजा, व्हिस्कोस. लायोसेल नावाची जरा बरी पद्धत आहे, तिच्यात द्रावक पुन्हापुन्हा वापरतात. पण तसं असेल तर विकणारा ते मोठ्या अक्षरात लिहील, लपवणार नाही.

हे माझं म्हणणं नको असेल तर अमेरिकेचं ऐका. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २००९ मध्ये चार विक्रेत्यांवर नेमक्या याच दाव्यांसाठी कारवाई केली: बांबूचं म्हणून रेयॉन विकलं, जंतुरोधक म्हटलं, मातीत मिसळतं म्हटलं. रेयॉन म्हणजे हेच व्हिस्कोस. कमिशनचं म्हणणं सरळ होतं: या प्रक्रियेनंतर बांबूचा कुठलाही जंतुरोधक गुण उरतो याचा पुरावा नाही, आणि मालाला रेयॉनच म्हणायचं. जानेवारी २०१० मध्ये ७८ विक्रेत्यांना ताकीद गेली. तरी सुधारले नाहीत. २०१३ मध्ये अॅमेझॉन, मेसीज, सिअर्स आणि लिऑन मॅक्स यांनी मिळून १२ लाख ६० हजार डॉलर दंड भरला, आणि २०२२ मध्ये वॉलमार्ट व कोल्स यांच्यावर मिळून ५५ लाख डॉलर भरायची वेळ आली. ही प्रकरणं कपडे, चादरी, टॉवेल यांची होती, पॅडची नव्हती, हे कबूल. तंतू मात्र तोच.

आणि मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट कशी खटकली नाही? पॅडची माती कोण करतं? जिवाणू आणि बुरशीच ना? म्हणजे जे जंतू १२ तास या बांबूच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, तेच ६ महिन्यांत त्याची पंगत उठवतात!

आता खरा घातक मुद्दा, ते १२ तास. चट्टे येतात ते केवळ पॅडमधल्या जंतूंमुळे नव्हे. ओल, उष्णता, घाम आणि घासणं, हे सगळं एकत्र आलं की कातडी सोलवटते. बांबूच्या व्हिस्कोसमध्ये यात एक खोट आहे, आणि ती त्याच्या गुणातूनच येते. त्याला पाणी आवडतं. म्हणून आतल्या गाभ्यात ते चांगलं, पण कातडीला लागणाऱ्या वरच्या पदरात ते स्वतःच ओल धरून बसू शकतं. साध्या पॅडचा वरचा पदर पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा असतो तो उगाच नाही. तो स्वतः पाणी पीत नाही, खाली जाऊ देतो. आमच्याकडे पॅडवर ठरावीक द्राव ओतून, वजन ठेवून, वर टिपकागद दाबून किती ओल परत येते ते मोजायचे. ते मोजल्याशिवाय 'कोरडं' हा शब्द कुणी वापरू नये. स्राव कमी असला तरी पॅड ४ ते ६ तासांनी बदलायचं, जास्त असला तर त्याआधीच, मग ते बांबूचं असो, कापसाचं असो की सोन्याचं.

पण हा दावा मुलींना इतका का पटतो ते भाचीशी बोलल्यावर कळलं. "मावशी, शाळेतल्या बाथरूमला कडी नाहीये. आणि टाकायचं कुठे?" तिला १२ तासांचं पॅड नको होतं, दुपारी एकदा आत जाता येईल अशी जागा हवी होती. ती नाही म्हणून मेसेज खरा वाटला. ताई आता मुख्याध्यापकांना भेटणार आहे, कडीचं बघू.

व्हिडिओत बाई पॅडवर ग्लासभर निळं पाणी ओततात, वर कागद दाबतात, कागद कोरडा. आम्ही ताईच्या ओट्यावर ते पॅड ओलं करून कात्रीने फाडलं. आतून साबुदाण्यासारखी जेली निघाली. हे सोडियम पॉलिअॅक्रिलेट, पेट्रोलियमपासून बनणारी भुकटी. टाळ्या बांबूला, काम हिचं! शिवाय ही भुकटी नळाचं पाणी जेवढं पिते, त्याच्या मानाने खारट द्राव फारच कमी, आणि रक्त खारट तर असतंच, वर दाटही असतं. अख्ख्या पाळीतलं रक्त बहुतेकींचं ८० मिलीलिटरच्या आतच असतं, त्याच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. ग्लासभर पाणी जिरवून नेमकं काय सिद्ध केलं?

६ महिन्यांचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या आंतरराष्ट्रीय मानकात १८० दिवसांत ९० टक्के विघटन हवं असतं, तेही सुमारे ५८ अंश सेल्सिअसला राखलेल्या कंपोस्टमध्ये. परसातला खड्डा तेवढा तापत नाही. त्यातून खालचा पदर पॉलिथिनचा असेल आणि आत ती जेली, तर माती होणार फक्त बांबूच्या आणि लगद्याच्या भागाची. कृपा करून पॅड परसात पुरू नका. कागदात गुंडाळा, वेगळी खूण करा, कचरा नेणाऱ्याकडे वेगळं द्या.

हिरव्या आयन पट्टीवर शब्द घालवत नाही. पीसीओडी हा संप्रेरकांचा विकार आहे, कापडाची पट्टी तिथे पोचत नाही. ज्या बाईंना पाळी चार-चार महिने येत नाही त्यांनी डॉक्टर गाठावा, जाऊबाईंचं खोकं नव्हे.

कॅन्सरच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. टॉक्सिक्स लिंक या दिल्लीच्या संस्थेने २०२२ मध्ये भारतातल्या १० पॅडची तपासणी जाहीर केली आणि सगळ्यांत थॅलेट सापडली. थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, त्यांतल्या काहींवर कॅन्सरचा संशय आहे. काळजीचं आहे, पॅडमधल्या अशा रसायनांवर कडक मर्यादा हवी. पण त्या १० मध्ये 'ऑरगॅनिक' म्हणून विकली जाणारीही होती! ती सुटली नाहीत. आणि सापडणं म्हणजे पॅड वापरून कॅन्सर झाला असं सिद्ध होणं नव्हे.

ओटा पुसताना ताईने खोकं टाकायला घेतलं, मी सहज उलटं केलं. खाली, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत: वरचा थर बांबू व्हिस्कोस, गाभ्यात लाकडाचा लगदा व शोषक पॉलिमर, खालचा थर पॉलिथिन. जंतुरोधक हा शब्द कुठेच नाही. आणि शेवटच्या ओळीत: दर ४ ते ६ तासांनी बदला.

ताईने फोटो काढून जावेला पाठवला. दोन निळ्या खुणा दिसताहेत.